पडद्याआडचा चहा

दिवाळीच्या खरेदीला निघालेले कुटुंब दमले, की कापडचोपड बाजूला राहते आणि प्रश्न उभा राहतो तो चहाचा. पोरे भुकेली, आजीचे पाय दुखताहेत, बसायचे कुठे? मी इतिहासाचा मास्तर. मला या साध्या प्रश्नाचेच नवल वाटते. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या पांढरपेशा घरांत तो निघतच नसे. बायकामुलांनी बाहेर खायचे नसते, एवढ्यावर विषय मिटे.

पुरुषांना तरी कुठे सोपे होते! 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक यांच्यासारख्या मंडळींपुढे चहाबिस्किटे आली आणि त्यावरून ग्रामण्य उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. एका पेल्यापायी एवढे रामायण!

मुंबईने मात्र निराळी वाट काढली. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर इराण्यांची हॉटेले उघडली. धोबीतलावचे कयानी 1904 चे, ग्रँट रोड स्टेशनजवळचे मेरवान 1914 चे. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बरण्यांत खारी नि नानकटाई. आणि पुष्कळ ठिकाणी आत किंवा माळ्यावर एक ‘फॅमिली रूम’! लाकडी आडोसा, अर्धे दार, नाहीतर नुसता पडदा. त्या पडद्याला आपण आज हसतो. पण त्याच्याच आधाराने कितीतरी आया हॉटेलात बसल्या आणि बशीत चहा निववून त्यांनी लेकरांना पाजला. दादरला मामा काणे यांचे उपाहारगृह 1910 साली निघाले, त्याच्या नावातच ‘स्वच्छ’ हा शब्द होता. गृहिणीला हवे ते आश्वासन पाटीवरच मिळाले.

पण वाचकहो, हा पडदा सगळ्यांसाठी सरकला नव्हता. कित्येकांच्या वाट्याला दाराबाहेरची वेगळी कपबशीच आली. त्यांची पोरे आतल्या बरण्यांकडे दुरूनच बघत राहिली. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या अस्पृश्य गणलेल्या गृहस्थांना हॉटेल काढायला शाहू महाराजांनी मदत केली. ‘तिथे कोण जाणार?’ हा प्रश्न होताच. महाराज स्वतः गेले, सर्वांदेखत तिथला चहा प्याले. महाराज 1922 साली गेले. 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने उपाहारगृहाचे दार साऱ्या नागरिकांना कायद्याने मोकळे केले.

म्हणून मुलाबाळांसह हॉटेल निवडताना मी दर पाहतो, हात धुण्याची जागा पाहतो, पोरांना सोसेल असे बिनतिखट काही आहे का तेही पाहतो. पण त्याआधी आणखी एक पाहतो. पोराने चहा सांडला, तर पोऱ्या फडके कोणत्या चेहऱ्याने आणतो? आणि दारात बिचकून उभ्या राहिलेल्या माणसाला गल्ल्यावरचा मालक ‘या, बसा’ म्हणतो का? जिथे हे दोन्ही जमते, तिथला चहा जरा पाणचट असला तरी चालतो. मुले तिथे खाण्याबरोबर आणखीही काही शिकून येतात.