जुनी स्की, बूट, बायंडिंग: काय वापरायचं आणि काय बदलायचं?

डिसेंबर जवळ आला की मला व्हॉट्सॲपवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. मी म्युनिकमध्ये राहतो. इथे मास्टर्सला आलेली आपली मुलं पहिल्या हिवाळ्यात आल्प्सला जाऊन येतात, स्कीइंगची चटक लागते आणि मग सेकंडहँड जाहिराती शोधणं सुरू होतं. "दादा, स्की, बायंडिंग, बूट सगळं मिळून ६० युरो. घेऊ का?" गुलमर्ग किंवा औलीला बेसिक कोर्स करून आलेलेही हेच विचारतात, फक्त किंमत रुपयांत असते.

याला हो किंवा नाही असं सरळ उत्तर नाही, कारण हा 'सेट' एक वस्तू नसतो. लाकडी गाभ्याची स्की १५ वर्षं आरामात टिकू शकते आणि तिच्यावरचं बायंडिंग त्याआधीच बाद झालेलं असू शकतं. म्हणून प्रत्येक भाग वेगळा बघायचा, आणि सुरुवात बायंडिंगपासून करायची.

बायंडिंग: इथे काटकसर नको

बायंडिंग म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारी यंत्रणा. पकडणं हे तिचं अर्धंच काम. पडताना पायावर ठरावीक जोर आला की बूट सोडून देणं हे उरलेलं अर्धं, आणि जास्त महत्त्वाचं. सुटलं नाही तर लांब स्की तरफेसारखी फिरते आणि नडगीचं हाड पिळवटून मोडतं. नको तेव्हा सुटलं तर उतारावर भर वेगात एक स्की गायब. सुटण्याचा हा जोर वरच्या छोट्या खिडकीत दिसणाऱ्या आकड्यावर ठरतो. त्याला सगळे 'डिन' म्हणतात. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती आक्रमक स्की करता यावरून तो काढतात. मोबाईलवर डिन काढून देणारी भरपूर ॲप्स आहेत. अंदाज यावा म्हणून जरूर बघा, पण स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका.

कारण असं की खिडकीतला आकडा आणि प्रत्यक्ष सुटण्याचा जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आतलं ग्रीस सुकतं, प्लॅस्टिक ठिसूळ होतं, स्प्रिंग थकते. आकडा ५ दाखवतो आणि बायंडिंग ७ सारखं वागतं, असं होऊ शकतं. दुकानात यासाठी मशीन असतं. ते बूट बायंडिंगमध्ये बसवून पिळतं आणि किती न्यूटन-मीटरला सुटलं ते मोजतं. ही तपासणी आयएसओ ११०८८ या मानकाप्रमाणे होते. इथे दर सीझनला एकदा ती करून घ्यायची पद्धत आहे आणि ती मला शंभर टक्के पटते.

आता जुन्या मालातली खरी मेख. फोनला काही वर्षांनी सिक्युरिटी अपडेट बंद होतात ना, तसंच बायंडिंगचं आहे. कंपन्या दरवर्षी यादी काढतात: या मॉडेल्सची सेटिंग दुकानदाराने केली तर जबाबदारीत आम्ही सोबत आहोत. मॉडेल यादीतून गेलं की बहुतेक दुकानं त्याला हात लावत नाहीत. बायंडिंग तुमच्या डोळ्यांना नवंकोरं दिसत असेल, वीस वर्षं कपाटात पडून असेल, तरी उत्तर तेच. त्यामुळे माझा नियम सोपा आहे. पैसे देण्याआधी मॉडेलच्या नावाचा फोटो जवळच्या स्की-दुकानाला पाठवायचा आणि "याची सेटिंग करून द्याल का?" एवढंच विचारायचं. नाही म्हणाले तर तो सेट ६० युरोंनाही महाग आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बायंडिंग मुख्यतः नडगी वाचवायला बनलंय. गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट वाचेलच याची हमी नवं, महागडं बायंडिंगही देत नाही.

बूट: वय बाहेरून कळत नाही

बुटाचं बाहेरचं कवच म्हणजे शेल, बहुतेक वेळा पॉलियुरेथेनच्या जातीचं. ऊन, ओलावा आणि वर्षं यांनी ते आतून कमकुवत होत जातं. बूट चकचकीत असतो आणि एक दिवस थंडीत, नेमका उतारावर, तुकडे पडतात. हे मी इथल्या रिपेअरवाल्यांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता जुना बूट दिसला की आधी त्याची जन्मतारीख शोधतो. आतलं मऊ लायनर काढा, फोनचा टॉर्च लावा आणि शेलच्या आत बघा. बऱ्याच बुटांवर घड्याळासारखं छोटं गोल चिन्ह साच्यातूनच उमटलेलं असतं, त्यात वर्ष आणि महिना. दहा वर्षांपुढचा अनोळखी बूट मी घेत नाही. मागून उघडणारे जुने 'रिअर एंट्री' बूट तर शोभेलाच ठेवावेत.

तळवाही बघा. पार्किंगच्या डांबरावर चालून टोक आणि टाच झिजते. झिजलेला तळवा बायंडिंगमध्ये नीट सरकत नाही, म्हणजे दुकानात केलेली सेटिंगही फसते. काही बुटांचे तळवे बदलता येतात, त्यामुळे फेकायच्या आधी चौकशी करा.

आणि हो, नवा बूट घेताना एक सापळा आहे. पारंपरिक सपाट तळव्याचं मानक आयएसओ ५३५५. हल्लीचे बरेच बूट 'ग्रिपवॉक' तळव्याचे असतात, चालायला सोपे, रबरी आणि थोडे वक्र, मानक आयएसओ २३२२३. जुन्या बायंडिंगमध्ये ते खटकन बसतात, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. पण बायंडिंग ग्रिपवॉकसाठी बनलेलं नसेल तर सुटण्याची खात्री नाही. थोडक्यात, बूट बदलला की कधी कधी बायंडिंगही बदलावं लागतं. चार्जर बदलायला गेलो आणि फोन घेऊन आलो, तसला प्रकार.

स्की: ही सगळ्यात चिवट

स्कीवर १२१-६८-१०२ असे आकडे छापलेले असतात: पुढची, मधली आणि मागची रुंदी, मिलिमीटरमध्ये. शेजारी आर १३ असं काही असेल तर ती वळणाची त्रिज्या, मीटरमध्ये. हे आकडे दिसले आणि कंबर बारीक दिसली तर स्की कार्व्हिंगच्या जमान्यातली आहे. १९९० च्या दशकात स्लोव्हेनियाच्या एलानसारख्या कंपन्यांनी हा आकार आणला आणि आधीच्या दोन मीटर लांब सरळसोट स्की काही वर्षांतच बाजारातून गेल्या. सरळ स्की शिकणाऱ्यासाठी फुकटातही नको, वळण शिकण्यात तिप्पट घाम निघेल.

बाकी तपासणी पाच मिनिटांची. दोन्ही स्की तळव्याला तळवा लावून धरा. मध्ये फट दिसली पाहिजे आणि दाबल्यावर ती मिटून सोडल्यावर परत आली पाहिजे. (रॉकर प्रकारच्या स्कीत फटीची जागा वेगळी असते.) थर सुटतायत का ते टोकाला आणि कडांना नख लावून बघा. स्टीलची कड, म्हणजे एज, नवी असताना साधारण २ मिलिमीटर जाड असते. प्रत्येक धारेला ती थोडी झिजते. निम्म्याहून कमी उरली असेल तर सोडून द्या. वरवरचा गंज, तळाचे ओरखडे, वाळलेलं वॅक्स हे सगळं दुकानातल्या एका सर्व्हिसमध्ये जातं, त्यावरून घासाघीस मात्र जरूर करा.

हेल्मेटचं तर दोन ओळींत संपतं. आतला फोम एकदाच मार खायला बनलेला असतो आणि मार बसलाय की नाही हे बाहेरून दिसत नाही. सेकंडहँड हेल्मेट घेऊ नका.

बीकन: फोनवाल्यांनी हे वाचाच

आखलेल्या पिस्टवर याची गरज नाही. पण गुलमर्गला गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटवर गेलात आणि पिस्टबाहेर उतरलात, तर हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दोन पोलिश स्कीअर त्यात दगावले. बर्फाखाली गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. त्यामुळे सोबत्यांच्या हातातलं यंत्र किती पटकन शोधतं यावर सगळं आहे.

बीकन सगळीकडे ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, म्हणून जुना आणि नवा एकमेकांना ऐकू शकतात. पण एका अँटेनाचे जुने ॲनालॉग बीकन शोधायला कठीण, आणि वयानुसार त्यांची फ्रिक्वेन्सी सरकते. मग नवा डिजिटल बीकनही त्यांना नीट पकडत नाही. तीन अँटेनांपेक्षा कमी असेल तर बदला, भाव करत बसू नका. तीन अँटेनांचा असला तरी रिकॉल तपासा. २०२१ मध्ये पीप्सच्या डीएसपी मालिकेतले काही बीकन स्विचच्या लॉकमुळे परत बोलावले गेले होते आणि असे पीस जाहिरातींत अजून फिरत असणार. बॅटरीचा कप्पा उघडून गळतीचे पांढरे-हिरवे डाग बघा.

"फोनमध्ये ॲप टाकलं तर?" चालत नाही. फोनमध्ये ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्समीटर नसतो आणि ब्लूटूथ, वायफाय बर्फातून धड जात नाही. २०१३ मध्येच कॅनडाच्या अव्हलांच सेंटरने अशा ॲप्सबद्दल इशारा दिला होता. उलट फोन बीकनला त्रासच देतो. चालताना दोघांत किमान २० सेंटिमीटर आणि शोधताना ५० सेंटिमीटर अंतर ठेवतात. फोन सरळ बंद करून मागच्या सॅकमध्ये टाकलेला बरा.

मग पैसे कुठे घालायचे?

वर्षातून एकच आठवडा जाणार असाल तर माझं मत: बूट आणि हेल्मेट स्वतःचं, नवीन. स्की आणि बायंडिंग भाड्याने. भाड्याच्या बायंडिंगची जबाबदारी दुकानाची असते आणि पायाला नीट बसणारा बूट भाड्याने मिळणं नशिबाचा भाग. गुलमर्गला भाड्याने घेताना तुमचं वजन आणि लेव्हल न विचारता कोणी बायंडिंग हातात दिलं, तर थांबवा आणि सेटिंग करायला लावा. वर्षाला दहा-पंधरा दिवस जात असाल, तर चांगल्या जुन्या स्कीवर नवं बायंडिंग बसवून घेणं परवडतं. फक्त आधी कितीदा छिद्रं पाडली आहेत ते बघा, फार छिद्रं म्हणजे स्क्रूची पकड कमी.

जाहिरात आवडलीच तर विकणाऱ्याकडून एवढे फोटो मागवा: बायंडिंगचं मॉडेल आणि डिनची खिडकी, बुटाचा तळवा, लायनर काढून शेलच्या आतली तारीख, एजचा क्लोजअप आणि दोन्ही स्की एकत्र धरून बाजूने. पाठवायला तो का-कू करत असेल तर मी त्या जाहिरातीत वेळ घालवत नाही.