एएफसी चॅलेंज चषक २००८ : अंतिम सामना

आशियाई फुटबॉल महासंघाच्या दुसऱ्या चॅलेंज चषक स्पर्धेचा अंतिम सामना १३ ऑगस्ट २००८ रोजी नवी दिल्लीतील आंबेडकर स्टेडियमवर भारत आणि ताजिकिस्तान यांच्यात झाला. विजेत्या संघाला २०११ च्या आशियाई चषक स्पर्धेत थेट प्रवेश मिळणार असल्याने या लढतीला विशेष महत्त्व होते. भारत यापूर्वी १९८४ साली त्या स्पर्धेत खेळला होता.

साखळी सामने हैदराबादमध्ये झाले. पावसाने तेथील मैदान खराब झाल्यामुळे अंतिम सामना दिल्लीला हलवण्यात आला. ताजिकिस्तान हा २००६ चा विजेता होता आणि साखळीत त्याने भारताला १-१ असे बरोबरीत रोखले होते.

अंतिम सामन्यात मात्र भारताने ४-१ असा निर्विवाद विजय मिळवला. सुनील छेत्रीने तीन, तर कर्णधार बायचुंग भुतियाने एक गोल केला. प्रशिक्षक बॉब हॉटन यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने २७ वर्षांनी आशियाई चषकात पुनरागमन केले. दोहा येथील त्या स्पर्धेत मात्र ऑस्ट्रेलिया, बहरीन आणि दक्षिण कोरियाकडून पराभूत झाल्याने भारताचे आव्हान साखळीतच संपुष्टात आले.