लांबीचे भौमितिक दृष्टिभ्रम

समान लांबीच्या रेषा शेजारच्या आकृतीमुळे किंवा दिशेमुळे असमान भासणे, म्हणजे लांबीचा भौमितिक दृष्टिभ्रम. ‘भौमितिक-दृष्टिभ्रम’ ही संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ ओपेल यांनी 1855 च्या सुमारास रूढ केली. म्युलर-लायर भ्रमात (1889) टोकांना बाहेर फाकलेले पंख असलेली रेषा लांब, तर बाणासारखी आत वळलेली टोके असलेली रेषा आखूड दिसते. पोंझो भ्रमात निमुळत्या होत जाणाऱ्या दोन रेषांमधली वरची आडवी रेघ मोठी वाटते. उभ्या-आडव्या भ्रमाला वेगळ्या आकृतीची गरज नसते; उभी रेघ तेवढ्याच आडव्या रेघेहून लांब भासते. आंबोली घाटातल्या धबधब्याची उंची व तेवढेच सपाटीवरचे अंतर यांची तुलना करतानाही नजर अशीच फसू शकते. उलट्या ‘टी’ आकृतीत हा भ्रम वाढतो, कारण उभी रेघ आडवीला दुभागते. म्हणजे तिथे दोन कारणे एकत्र येतात. शुद्ध तुलनेसाठी ‘एल’ आकृती अधिक योग्य.

हे भ्रम सर्व समाजांत सारखेच असतात का, हे पाहण्याचेही प्रयत्न झाले. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रिव्हर्स यांनी निलगिरीतील तोडा लोकांची 1901-02 मध्ये पाहणी केली. म्युलर-लायर भ्रम त्यांच्यात इंग्रजांपेक्षा कमी आढळला. काटकोनी घरांत वाढल्याने भ्रम बळावतो, हे मत पुढे मांडले गेले. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी यांनी (1963) भ्रमाच्या स्पष्टीकरणात अंतराची खोली सुचवणाऱ्या खुणांवर भर दिला (पहा : दृक्‌संवेदन, अवकाश-संवेदन). मात्र भारतातील अंध मुलांवर उपचार व संशोधन करणाऱ्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मांध असलेल्या 8 ते 16 वयाच्या नऊ मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेचच म्युलर-लायर व पोंझो भ्रम झाले (2015). पाहण्याचा दीर्घ अनुभव त्यासाठी आवश्यक नसावा, असा त्याचा अर्थ लावला जातो (पहा : अंधत्व, मोतीबिंदू).