अभ्यासातला क्रम : सोलापूरच्या बी.एस्सी. रसायनशास्त्राची कथा

'अभ्यासक्रम' या शब्दात दोन शब्द आहेत : अभ्यास आणि क्रम. नवा अभ्यासक्रम हाती आला की आपले लक्ष पहिल्या शब्दाकडे जाते. कोणते घटक वाढले, कोणते वगळले, कशाला किती तासिका आणि किती गुण, हे आपण बारकाईने पाहतो. दुसऱ्या शब्दाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. एखादा घटक पहिल्याच वर्षी का, तिसऱ्या वर्षी का नाही? तो शिकण्यापूर्वी विद्यार्थ्याला काय काय आलेले असले पाहिजे? हे प्रश्न कार्यालयीन वेळापत्रकाचे आहेत असे आपण धरून चालतो. रसायनशास्त्राचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. तो काय सांगतो, आणि सोलापूरसारख्या शहरात हा क्रम ठरवण्याचा अधिकार कोणाकोणाच्या हातून फिरत आला, ते या लेखात पाहू या.

क्रम लावता लावता लागलेले शोध

रसायनशास्त्राच्या पदवी शिक्षणाचा साचा प्रथम घडला तो जर्मनीतील गिसेन येथे. युस्टुस लीबिग १८२४ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, तेथे प्राध्यापक झाला. त्याच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी आधी अज्ञात पदार्थांचे गुणात्मक विश्लेषण करी, मग परिमाणात्मक विश्लेषण, मग संयुगे तयार करणे आणि शेवटी स्वतःचे छोटे संशोधन. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीचा आधार होता. आपल्या प्रयोगशाळांतील 'सॉल्ट अ‍ॅनालिसिस' ही याच परंपरेची देणगी. धातूंचे गट पाडून ते ओळखण्याची पद्धत फ्रेसेनियसने १८४१ च्या आपल्या पुस्तकातून सर्वदूर पोचवली. पुढे तो लीबिगचाच साहाय्यक झाला.

पण क्रमाचा खरा प्रताप दिसला तो पुढच्या पिढीत. १८५० च्या दशकात अणुभारांचा मोठा गोंधळ होता. पाण्याचे सूत्र लिहिताना हायड्रोजनचा एक अणू धरायचा की दोन, यावर रसायनशास्त्रज्ञांचे एकमत नव्हते. इटलीतील जिनोआ येथे शिकवणाऱ्या स्टानिस्लाओ कान्निझारोला हा विषय वर्गात नीट मांडायचा होता. त्याने आव्होगाड्रोची मागे पडलेली कल्पना पायाशी घेतली आणि तिच्यावर एकेक व्याख्यान रचत नेले. १८५८ साली त्याने या व्याख्यानमालेचा सारांश प्रसिद्ध केला. १८६० मध्ये कार्ल्सरूहे येथे भरलेल्या परिषदेत ही पुस्तिका वाटण्यात आली आणि पुढच्या काही वर्षांत अणुभारांचा घोळ निस्तरला. या पुस्तिकेत नवा प्रयोग एकही नव्हता. होती ती केवळ शिकवण्याची आखणी.

त्या परिषदेला एक तरुण रशियन रसायनशास्त्रज्ञ हजर होता, दिमित्री मेंडेलीव्ह. १८६७ मध्ये तो सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांना देण्याजोगे रशियन पुस्तक त्याला सापडेना, म्हणून त्याने स्वतःच लिहायला घेतले. त्या वेळी ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती. पहिल्या खंडात त्यांपैकी जेमतेम आठच झाली. आता उरलेली पंचावन्न दुसऱ्या खंडात कशी बसवायची? सोडियम, पोटॅशियम यांच्या कुटुंबानंतर कोणते कुटुंब घ्यायचे? प्रश्न लेखकाचा होता, शिक्षकाचा होता. त्याचे उत्तर शोधताना १८६९ मध्ये आवर्तसारणी तयार झाली. आज आपण जी पहिल्याच धड्यात देऊन टाकतो, ती मुळात 'पुढचा धडा कोणता?' या प्रश्नाचे उत्तर होती.

या तिघांच्या बाबतीत एक गोष्ट समान आहे. जो शिकवत होता तोच आखणी करत होता.

शिकवणारा वेगळा, आखणारा वेगळा

आपल्याकडे विद्यापीठे आली ती वेगळ्या नमुन्यावर. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे होते. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. शिकवायचे ते संलग्न महाविद्यालयांनी. दूरदूरच्या गावांतील महाविद्यालयांना एकाच मापाने मोजण्यासाठी ही व्यवस्था सोयीची होती आणि तिच्यामुळे पदवीला सर्वत्र सारखी किंमत आली, हे मान्य केले पाहिजे. पण तिचा एक परिणाम असा झाला की अभ्यासक्रम म्हणजे परीक्षेत काय विचारता येईल त्याची यादी, असा अर्थ रूढ झाला. यादीला क्रमाची गरज नसते. घटक वर असला काय किंवा खाली असला काय, प्रश्न तोच येतो.

याच मुंबई विद्यापीठाने जेथे स्वतः शिकवायचे ठरवले तेथे मात्र चित्र निराळे दिसते. १९३३ साली विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. कापडगिरण्यांचे शहर म्हणून सुरुवात वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी या शाखांनी झाली. १९३८ पासून विभागाची धुरा वाहणारे के. वेंकटरामन स्वतः रंगद्रव्यांचे संशोधक होते. म्हणजे शिकवणारे, संशोधन करणारे आणि काय शिकवायचे ते ठरवणारे एकाच छताखाली होते.

सोलापूर : महाविद्यालय एक, विद्यापीठे चार

सोलापूरही गिरण्यांचेच शहर. १८७० च्या दशकात येथे पहिली कापडगिरणी निघाली. जिल्ह्यात माळीनगरचा साखर कारखाना १९३० च्या दशकात उभा राहिला. रंगाचे, रसाचे, चुन्याचे, गंधकाचे व्यवहार येथे रोजचे होते. महाविद्यालय मात्र त्यानंतर आले. १९४० साली दयानंद महाविद्यालय सुरू झाले, तोवर पदवीसाठी सोलापूरच्या मुलांना पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. १९५३ मध्ये संगमेश्वर महाविद्यालयाची भर पडली.

१९४० मध्ये सोलापूरचे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि सोलापूर त्याच्या कक्षेत आले. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ निघाले, तेव्हा सोलापूर तिकडे गेले आणि चार दशकांहून अधिक काळ तेथेच राहिले. अखेर २००४ मध्ये केवळ सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. म्हणजे इमारत तीच, ब्युरेट आणि पिपेट तीच, पण सहा-साडेसहा दशकांत एकाच महाविद्यालयाने चार विद्यापीठांचे अभ्यासक्रम शिकवले. कोल्हापूर सोलापूरपासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर. अभ्यासमंडळाच्या बैठकीला पोचणारे प्राध्यापक मोजकेच असणार. बाकीच्यांच्या वाट्याला छापून आलेली पुस्तिका.

मधल्या काळात आणखी एक घडी बदलली. पूर्वी मॅट्रिकनंतर चार वर्षांत बी.एस्सी. होत असे : पहिले वर्ष, इंटर, मग ज्युनिअर आणि सीनियर बी.एस्सी. ही चारही वर्षे विद्यापीठाच्याच ताब्यात होती. १९७० च्या दशकात महाराष्ट्रात १०+२+३ हा आकृतिबंध आला. अकरावी-बारावी राज्य मंडळाकडे गेली आणि पदवीची तीन वर्षे विद्यापीठाकडे राहिली. पुष्कळ ठिकाणी वर्ग त्याच आवारात भरत राहिले, पण आखणी करणाऱ्या संस्था दोन झाल्या. वायूंचे नियम, अणुरचना, आवर्तसारणी हे विषय बारावीपर्यंत एकदा आणि पदवीच्या पहिल्या वर्षी पुन्हा, असे दोनदा येऊ लागले. उलट काही गोष्टी दोन्हीकडून निसटल्या. सर्वांत महत्त्वाची म्हणजे गणित.

२.३०३ चे कोडे

बारावीला जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेला विद्यार्थी बी.एस्सी.ला येतो, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राबरोबर रसायनशास्त्र घेतो, आणि शेवटच्या वर्षी त्याचा मुख्य विषय असतो रसायनशास्त्र. तेथे त्याची गाठ ऊष्मागतिकीतल्या आंशिक विकलजांशी आणि श्रोडिंगरच्या समीकरणाशी पडते. पण अडचण त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेच्या सूत्रात २.३०३ हा आकडा येतो. हजारो विद्यार्थी तो पाठ करतात. तो निसर्गाचा स्थिरांक नाही. नैसर्गिक लॉगॅरिथमचे दशमान पायाच्या लॉगॅरिथममध्ये रूपांतर करण्यासाठी लागणारा तो केवळ एक गुणक आहे. आपली लॉग-कोष्टके दहाच्या पायाची होती म्हणून तो सूत्रात आला. ज्याला कलन गणिताची तोंडओळख नाही, त्याला हे कळण्याचा मार्गच राहत नाही.

याच सूत्राला धरून सोलापूरचे एक उदाहरण पाहू. रासायनिक अभिक्रियेचा वेग मोजण्याचा पहिला पद्धतशीर प्रयोग लुडविग विल्हेल्मी याने १८५० मध्ये केला, आणि तो केला साखरेवर. साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाची पातळी उजवीकडे वळवते. आम्ल घातले की साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि या मिश्रणाचे वळण डावीकडे असते. हे वळण कसे बदलत जाते ते ठरावीक वेळाने मोजत गेल्यावर विल्हेल्मीला दिसले, की वेग हा उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचा नियम तो हाच.

आता साखर कारखान्यात चला. तेथील प्रयोगशाळेत पोलरीमीटर असतो आणि रसाचा 'पोल' रोज काढला जातो. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला तर उतारा घटतो, कारण साखरेचे हेच विघटन उसात सुरू होते. रसात चुना घालण्यामागे गाळ खाली बसवणे हा एक हेतू असतो; आम्लता मोडून विघटन थांबवणे हा दुसरा. म्हणजे विल्हेल्मीचा नियम आणि ऊस उत्पादकाचा तोटा ही एकाच अभिक्रियेची दोन टोके आहेत.

आपल्या नेहमीच्या मांडणीत मात्र शर्करांची रचना सेंद्रिय रसायनशास्त्रात येते, अभिक्रियेचा वेग भौतिक रसायनशास्त्रात, पोलरीमीटर उपकरणांच्या भागात, आणि साखरनिर्मिती औद्योगिक रसायनशास्त्रात. चारही भाग शिकवले जातात, चारहींवर प्रश्न येतात आणि उत्तरेही येतात. ज्याच्या घरचा ऊस कारखान्यावर रांगेत उभा असतो, त्या मुलालाही हे चार धडे एकाच गोष्टीचे आहेत हे कोणी सांगत नाही. यात अभ्यासाची उणीव नाही, क्रमाची आहे.

आता निर्णय जवळ आला आहे

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये श्रेयांकांवर आधारित निवडीची पद्धत पुढे आणली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मेजर, मायनर, खुले विषय, कौशल्याचे विषय, प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशी नवी रचना आली. महाराष्ट्रात ती स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक, आणि त्यांतला बराच भाग विद्यार्थ्याने निवडायचा.

यात संधी आहे, तसा धोकाही आहे. पूर्वी क्रम दूर कोठेतरी चुकत असे. आता तो अठरा वर्षांच्या मुलाच्या प्रवेश-अर्जावर चुकू शकतो. रसायनशास्त्राबरोबर मायनर म्हणून काय घ्यावे, हे तो मित्राला किंवा वेळापत्रकाला विचारून ठरवील. ज्याला पुढे भौतिक रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायचे आहे, त्याने पहिल्या वर्षी गणिताकडे पाठ फिरवली तर ती वाट बरीचशी तेथेच बंद होते, आणि हे त्याला कळते दोन वर्षांनी.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. रसायनशास्त्राच्या विभागातील शिक्षकांनी एकत्र बसून एक तक्ता करावा. डाव्या बाजूला अभ्यासक्रमातील प्रत्येक घटक, उजव्या बाजूला तो समजण्यासाठी आधी काय यावे लागते ते. एका दुपारी हे काम होते. त्यातून तीन गोष्टी लगेच दिसतील : कोणता घटक आपल्या आधाराच्या आधीच येतो, कोणता दोनदा येतो, आणि कोणता आधार कोठेच शिकवला जात नाही. घटकांची यादी विद्यापीठाची असली तरी सत्राच्या आत काय आधी घ्यायचे हे बहुतेक वेळा शिक्षकाच्या हातात असते. लॉगॅरिथम, आलेखाचा उतार, साधे विकलन आणि संकलन यांच्या दहा-बारा तासिका विभागाने पहिल्या वर्षी स्वतःच घेतल्या तर २.३०३ चे कोडे निदान कोडे राहणार नाही. हा तक्ता कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांनाही दाखवावा, कारण निम्मे आधार त्यांच्याकडे आहेत. आणि प्रवेशाच्या दिवसांत तो सूचनाफलकावर लावावा, म्हणजे मायनर निवडणाऱ्या मुलाला त्याच्या निवडीची किंमत आधी कळेल.

अभ्यासक्रम मुंबईहून, पुण्याहून, कोल्हापूरहून येत होता तोवर सोलापूरच्या शिक्षकाला अंतराचे कारण सांगता येत होते. आज विद्यापीठ पुणे रस्त्यावर शहरालगत आहे आणि शहरातील काही महाविद्यालये स्वायत्त झाली आहेत. कान्निझारो आणि मेंडेलीव्ह यांनी क्रमाचा विचार केला तो कोणा मंडळाने सांगितले म्हणून नव्हे. समोर वर्ग होता आणि उद्या काय शिकवायचे हे ठरवायचे होते, म्हणून केला. तो वर्ग आपल्याही समोर आहे.