बिडातील ग्रॅफाइट : एका आकाराचा इतिहास

बिडाचा तवा आणि पोलादी उलथने ही दोन्ही लोखंडाचीच अपत्ये होत. तथापि तवा हातून निसटून फरशीवर आपटला तर दुभंगतो, उलथने फार तर वाकते. या भेदाचे मुख्य कारण बिडात दडलेले ग्रॅफाइट, आणि त्यातही त्याचा आकार हे आहे. हा आकार मनुष्याच्या स्वाधीन कसा झाला ते आज सांगावयाचे आहे. कारण पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या अनेक कारखान्यांचे जीवित त्यावर अवलंबून आहे.

ग्रॅफाइट म्हणजे शिसपेन्सिलीतील काळा पदार्थ. त्यात शिसे मुळीच नसते. तो कार्बनाचाच एक प्रकार असल्याचे शेले या स्वीडिश रसायनज्ञाने १७७९ साली दाखविले, आणि वर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १७८९ साली ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्याचे नामकरण केले. पुढे १९२४ साली बर्नाल याने क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची अंतर्रचना उलगडली. कार्बनाचे अणू षट्कोनी जाळीच्या थरांत घट्ट बांधलेले असतात. थराथरांतील बंध मात्र अगदी सैल असतो. म्हणूनच निसर्गात ग्रॅफाइट बहुधा चपट्या, षट्कोनी पापुद्र्यांच्या रूपाने आढळते आणि त्यांच्या चकचकीत पृष्ठावर कित्येकदा त्रिकोणी रेघोट्या दिसतात. परंतु कॅनडातील ऑन्टॅरिओ व अमेरिकेतील न्यू जर्सी येथील संगमरवरी खडकांत याच ग्रॅफाइटच्या सुबक गोळ्याही सापडल्या आहेत. द्रव्य एक, रूपे दोन!

पुण्याच्या आसपासचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइटचे शुभ्र स्फटिक मिळतात, ग्रॅफाइटच्या खाणी मात्र तेथे नाहीत. तरीही या भूमीवरील ओतशाळांत ग्रॅफाइटचे स्फटिक नित्य जन्मास येतात. बिडाच्या रसात शेकडा तीन ते चार भाग कार्बन विरघळलेला असतो. रस साच्यात हळूहळू थिजू लागला म्हणजे त्यातील बराचसा कार्बन ग्रॅफाइट होऊन बाहेर पडतो, आणि स्वभावानुसार वाकड्यातिकड्या पापुद्र्यांचे रूप घेतो. प्रत्येक पापुद्रा म्हणजे लोखंडाच्या पोटातील एक भेगच. ताण पडताच त्याच्या टोकाशी तडा जातो. हेच पापुद्रे यंत्राची थरथर शोषून घेतात, ही त्यांची जमेची बाजू. परंतु हिसका सोसणाऱ्या भागासाठी असे बीड विश्वासास पात्र नव्हे.

हा दोष घालविण्याची खटपट जुनी आहे. फ्रान्समध्ये रेओम्यूरने १७२२ साली बीड दीर्घकाळ तापवून चिवट करण्याची रीत वर्णिली. पण तिला वेळ व इंधन फार लागे आणि जाड वस्तूंस ती लागू पडत नसे. महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना काढून लोखंडी नांगर घडविले, तेव्हाही जगातील ओतारी साच्यातून थेट चिवट बीड काढू शकत नव्हते.

ही कोंडी दुसऱ्या महायुद्धात फुटली. क्रोमियमची टंचाई भासू लागल्याने कीथ मिलिस हा अमेरिकन संशोधक त्याऐवजी बिडात घालण्याजोगी अन्य द्रव्ये तपासीत होता. १९४३ साली त्याने मॅग्नेशियम घातलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तो पापुद्र्यांच्या जागी गोळ्या! १९४८ साली फिलाडेल्फिया येथील ओतकामतज्ज्ञांच्या परिषदेत हा शोध प्रकट झाला. इंग्लंडच्या मॉरो याने सिरियम वापरून स्वतंत्रपणे तेच साधले होते. गोळीला टोक नसते, त्यामुळे तड्याला आरंभ मिळत नाही. पापुद्र्याचे बीड शेकडा एक भागही ताणले जात नाही. गोळीचे बीड अठरा भागांपर्यंत ताणले जाऊ शकते.

कृती ऐकावयास सोपी, पण करावयास कठीण. मॅग्नेशियम सुमारे १,०९० अंशांवरच उकळते आणि रस त्याहून कितीतरी तप्त, म्हणून ते घालताच डोळे दिपविणारा भडका उठतो. अखेरीस शेकडा ०.०४ भागाच्या आसपासच ते रसात उरावे लागते, आणि तेही मिनिटागणिक घटत जाते. ओतण्यास विलंब झाला की गोळ्या बिघडतात, आणि बाहेरून निर्दोष दिसणारा भाग आतून दगा देतो. चालत्या गाडीच्या सुकाणूचा सांधा असा निघाला, तर त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, टेल्कोने १९६६ साली पुण्यात पाय रोवला, आणि फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली उघडला. या वाहनधंद्याबरोबर ओतकामाचेही महत्त्व वाढले. आता विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. २०२२ साली आकुर्डीस तशा चेतक स्कूटरचा कारखाना उघडला. अशा गाडीस इंजिनाचा ठोकळा लागत नाही, क्रँकशाफ्ट लागत नाही. म्हणून ओताऱ्याच्या पोटापाण्याचा प्रश्न उभा राहतो. परंतु तिच्या लिथियम बॅटरीतही ग्रॅफाइटच असते, आणि खाणीतील पापुद्रे त्यासाठी यंत्रांत फिरवून गोलाकार करावे लागतात. ती विद्या आज मुख्यतः चीनच्या हाती असून, १ डिसेंबर २०२३ पासून त्याने अशा ग्रॅफाइटच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आहे. भट्टीपाशी पापुद्र्याची गोळी करण्यात ज्या पट्ट्याने हात बसविला, त्याने ही दुसरी गोळीही आपलीशी करावी, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.