पित्ताशयातील खडे
पित्ताशयातील खडे किंवा पित्ताश्मरी म्हणजे पित्तरसातील घटक साकळून पित्ताशयात तयार झालेले घन खडे होत. त्यांचा आकार वाळूच्या कणापासून सुपारीएवढा किंवा त्याहूनही मोठा असू शकतो. बहुसंख्य व्यक्तींना त्यांचा कोणताही त्रास होत नाही. अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ते योगायोगाने आढळतात. मात्र खडा पित्ताशयाच्या मुखाशी किंवा पित्तनलिकेत अडकल्यास तीव्र वेदना, दाह, कावीळ आणि प्रसंगी जीवघेणी गुंतागुंत उद्भवते.

'पित्त' या शब्दाविषयी
मराठी बोलीत छातीत जळजळ होणे, आंबट ढेकर येणे या तक्रारींना 'पित्त झाले' असे म्हणतात. हा त्रास जठरातील आम्लाशी संबंधित असतो. पित्तरस मात्र यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि स्निग्ध पदार्थांच्या पचनास मदत करतो. या शब्दसाम्यामुळे खड्यांची वेदना आम्लपित्त समजून दुर्लक्षिली जाण्याचा संभव असतो.

कारणे
पित्तरसात कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढल्यास किंवा पित्ताशय पुरेसे रिकामे होत नसल्यास खडे बनतात. वाढते वय, स्त्रीलिंग, गर्भारपण, स्थूलता, मधुमेह आणि वजन झपाट्याने घटणे हे धोका वाढवणारे घटक आहेत. सिकलसेलसारख्या विकारांत तांबड्या रक्तपेशी अधिक प्रमाणात नष्ट होत असल्याने बिलिरुबिनचे काळे खडे तयार होतात. असे खडे लहान वयातही आढळतात.

लक्षणे
वरच्या पोटात मध्यभागी किंवा उजव्या बरगड्यांखाली येणारी कळ हे प्रमुख लक्षण आहे. ही कळ बहुधा तेलकट जेवणानंतर किंवा रात्री सुरू होते, वाढत जाऊन स्थिर राहते आणि अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते. ती पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे पसरते. सोबत मळमळ व उलटी होऊ शकते. आम्लनाशक औषधाने, वात सरल्याने किंवा कूस बदलल्याने ती सहसा थांबत नाही. हृदयविकाराचा झटकाही कधीकधी वरच्या पोटातील वेदनेच्या रूपात प्रकट होतो. त्यामुळे घाम, धाप किंवा छातीत दडपण असल्यास प्रथम हृदयाची तपासणी आवश्यक ठरते.

धोक्याची चिन्हे
पुढील चिन्हे आढळल्यास तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक असते:
• सहा तासांहून अधिक टिकणारी वेदना व ताप: पित्ताशयाचा तीव्र दाह.
• पिवळे डोळे, गडद लघवी, फिकट शौच व अंगाला खाज: पित्तनलिकेत अडथळा.
• वेदना, कावीळ आणि थंडी वाजून ताप: पित्तनलिकेचा जंतुसंसर्ग. या लक्षणत्रयीचे वर्णन फ्रेंच वैद्य जाँ-मार्तँ शार्को यांनी केले.
• पाठीत आरपार जाणारी असह्य वेदना व सतत उलट्या: स्वादुपिंडाचा दाह.
वृद्ध व मधुमेही रुग्णांत ही चिन्हे सौम्य भासू शकतात.

निदान
रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला सांगून उजव्या बरगड्यांखाली दाबले असता वेदनेने श्वास मध्येच अडखळणे, या चिन्हास 'मर्फीचे चिन्ह' म्हणतात. ते पित्ताशयाचा दाह सुचवते. पोटाची सोनोग्राफी ही प्राथमिक तपासणी होय. रक्ततपासणीतून जंतुसंसर्ग, कावीळ व स्वादुपिंडाचा दाह यांची कल्पना येते. पित्तनलिकेतील खडे सोनोग्राफीत निसटू शकत असल्याने काही वेळा एमआरआय तपासणी करावी लागते.

उपचार
लक्षणे नसलेल्या खड्यांवर सामान्यतः शस्त्रक्रिया करत नाहीत. वारंवार त्रास होत असल्यास पित्ताशय काढून टाकतात. त्यानंतरही यकृतातील पित्तरस थेट आतड्यात पोहोचत असल्याने पचन चालू राहते. अशी पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी 1882 मध्ये बर्लिन येथे केली. दुर्बिणीद्वारे ती प्रथम 1985 मध्ये जर्मनीत एरिख म्यूहे यांनी केली. भारतात ही पद्धत 1990 मध्ये मुंबईतील जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी सुरू केली.

हेही पहा
• यकृत
• कावीळ
• स्वादुपिंड
• मूतखडा