गंगेची पट्टी

राजापूरची गंगा तारीख सांगून येत नाही. साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, पण कधी लवकर, कधी उशिरा. उन्हाळे गावातली चौदा कुंडं भरतात, काही दिवस पाणी वाहतं आणि एक दिवस ते आटतं.

तिथे येणाऱ्यांची राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या ओळखीच्या काकांसाठी मी वेबसाइटचं मॉकअप करत होतो. मागे भरलेल्या कुंडाचा मी काढलेला फोटो, त्यावर लाल पट्टी: 'गंगा आली आहे!' पट्टी वेगळ्या लेयरवर होती. लेयरशेजारचा डोळा बंद केला की पट्टी गायब, खालचा फोटो जसाच्या तसा.

काकांच्या ओटीवर लक्ष्मीची जुनी तसबीर आहे, राजा रविवर्म्याच्या चित्राचा छापील नमुना. तिच्या साडीचा लाल रंग काठाबाहेर सुतभर सरकलाय. लहानपणी मला तो ओल आल्याचा डाग वाटायचा. खरं तर तो सरकलेला लेयर आहे.

रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली छपाई शिळाप्रेसची. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं आणि दगड ओला करायचा. शाई फक्त तेलकट रेषांना धरते. रंगीत चित्राला मात्र दर रंगाला वेगळा दगड. पिवळ्याचा एक, लालचा एक, निळ्याचा एक. चांगल्या चित्राला दहाहून जास्त दगडही लागत. तोच कागद प्रत्येक दगडावर नेमक्या खुणा जुळवून ठेवायचा. खूण चुकली की साडी काठाबाहेर.

म्हणजे थर होते, पण ते कागदावर एक होण्यासाठीच. काम संपलं की दगड बहुतेक वेळा घासून पुढच्या चित्राला वापरत. चित्र उरायचं, थर जायचे.

कॉम्प्युटरवरही सुरुवातीला थोडंफार असंच होतं. 1990 मध्ये फोटोशॉप आलं, पण त्यात लेयर नव्हते. फोटोवर अक्षरं टाकून निवड सोडली की खालचे पिक्सेल गेले. 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले आणि थर शेवटपर्यंत सुटे ठेवता येऊ लागले. छापखान्यात थर लागत रंगासाठी. इथे ते आले मन बदलण्यासाठी. वेबसाइटच्या मॉकअपला तेच हवं असतं, कारण गिऱ्हाइकाचं मन बदलतंच.

हे सगळं माहीत असून मी काय केलं? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला फाइल हलकी हवी म्हणून सगळे लेयर एकत्र केले आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलं. फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून मूळ फोटोही पुसला. दगड घासूनच टाकला म्हणा ना.

आठवड्याने काकांचा फोन आला. "पट्टी झकास आहे रे. पण गंगा गेली की कसं दिसेल? तेवढी पट्टी काढून दाखव."

पट्टीखाली आता काहीच नव्हतं. नवा फोटो काढायला उन्हाळ्याला गेलो, तर कुंडं कोरडी. गंगा गेली होती.

मॉकअपवर पट्टी अजून आहे. आता गंगा परत येईल तेव्हाच ती काढता येईल.